गुडघ्याचे ऑपरेशन झाले, आता फोटो किती काढायचे?

जत्रा-उरुसाचा हंगाम आला की गावोगाव कुस्त्यांचे फड आणि कबड्डीचे सामने भरतात. त्यात कुणाचा तरी गुडघा जातो. कुणी मोटारसायकलवरून घसरतो, कुणाचा पाय बांधावरून उतरताना पिळवटतो. पूर्वी अशा पोराला हाडवैद्याकडे नेत, चोळून-बांधून घेत आणि पुढे तो जन्मभर लंगडत चाले. आता जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीतून लिगामेंटचे ऑपरेशन होते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ऑपरेशननंतर एक्स-रे, एमआरआय, सीटी स्कॅन यांचा खर्च सुरू होतो आणि घरच्यांचा गोंधळ उडतो. हा पैसा बहुतेक घरांत बी-बियाणे आणि खताच्या पैशातूनच जातो. म्हणून हा विषय शेतीच्या पानावर घेतला आहे.

आत नेमके काय होते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारी जी दोरी, तिला डॉक्टर एसीएल म्हणतात. ती पूर्ण तुटली की सहसा नुसती शिवून भागत नाही. मग मांडीच्या मागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची शीर काढतात, दोन्ही हाडांत बोगदा पाडून ती ओवतात आणि स्क्रू किंवा बटणाने पक्की करतात. थोडक्यात, हे कलमच आहे. डॉगरिजवर द्राक्षाचे कलम बांधणाऱ्या बागाईतदाराला वेगळे सांगायला नको, की कलम बांधले म्हणजे लगेच धरले असे होत नाही. या शिरेलाही आधी रक्तपुरवठा मिळावा लागतो, मग ती हळूहळू लिगामेंटसारखी होते. या कामाला वर्ष-दोन वर्षे लागतात.

कोणता फोटो कशासाठी?

एक्स-रेमध्ये हाड आणि धातू दिसतो, शीर दिसत नाही. बोगदे योग्य जागी आहेत का, स्क्रू किंवा बटण सरकले का, हे त्यावरून कळते. म्हणून ऑपरेशननंतर एक्स-रे काढतात. तो स्वस्त आहे आणि तालुक्याला होतो.

सीटी स्कॅनमध्ये हाडातल्या बोगद्याचे माप नीट मिळते. पहिले ऑपरेशन फसले आणि दुसरे करायचे ठरले, तर त्याचा खरा उपयोग. एरवी त्याची गरज पडत नाही.

एमआरआयमध्ये शीर, गादी आणि कूर्चा दिसते. यात क्ष-किरण नसतात, पण खर्च हजारांत जातो. खरी गडबड होते ती याच्या रिपोर्टवरून. नवी शीर मुरत असताना, म्हणजे पहिल्या वर्षात, ती एमआरआयवर पांढुरकी दिसू शकते. हा भरून येण्याचाच भाग असतो. पुढे ती पुन्हा काळी दिसू लागते. सहाव्या महिन्यात हौसेने एमआरआय काढला, रिपोर्टात ‘सिग्नल वाढलेला’ असे आले, की घरचे म्हणतात, ‘ऑपरेशन फेल गेलं!’ तसे नसते. रिपोर्ट ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला दाखवावा, तो गुडघा हाताने तपासून काय म्हणतो ते ऐकावे आणि मगच मत बनवावे.

आणखी एक भीती नेहमी ऐकू येते, ‘आत स्क्रू आहे, मशीन ओढून घेईल.’ हे स्क्रू बहुधा टायटॅनियमचे किंवा विरघळणाऱ्या पदार्थाचे असतात, चुंबक त्यांना ओढत नाही. धातूजवळचे चित्र मात्र थोडे बिघडते. तरी ऑपरेशनचा कागद सोबत न्यावा आणि शरीरात पेसमेकर असेल तर आधीच सांगावे.

एमआरआय केव्हा करावा?

गुडघा पुन्हा निसटतो, नव्याने पिळवटला, अडकतो किंवा काही केल्या सरळ होत नाही, अशा वेळी डॉक्टरने सांगितले तर एमआरआय जरूर करावा. गुडघा सरळ न होण्यामागे कधी आत वाढलेली गाठ असते, ती यात सापडते. पण ताप आला, गुडघा गरम होऊन सुजला, तर फोटोची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आतले पाणी तपासावे लागते. पोटरी सुजून दुखू लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, त्यासाठी डॉपलर सोनोग्राफी असते.

‘एमआरआय चांगला आला, आता उतर मैदानात,’ हेही चुकीचे. मैदानाचा निर्णय मांडीची ताकद, तोल आणि उडीच्या चाचण्यांवर होतो. नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरणाऱ्यांना पुन्हा इजा होण्याचा धोका जास्त, असे अभ्यासांत दिसले आहे. विनेश फोगाट यांच्या डाव्या गुडघ्यावर १७ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबईत ऑपरेशन झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी ऑलिंपिकची पात्रता मिळवली. हे उदाहरण पोरे हमखास देतात. पण त्यांच्या दिमतीला रोजचा व्यायाम करून घेणारी जाणती माणसे होती. आपल्या पोराला महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट भेटला तरी पुष्कळ. एका जादा एमआरआयच्या पैशात त्याच्या कितीतरी फेऱ्या होतात आणि पाय उभा राहतो तो त्या व्यायामानेच.

योजनेचा आधार कुठवर?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा आणि ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मात्र अशा योजनेचे पॅकेज दवाखान्यातला मुक्काम आणि घरी सोडल्यानंतरचे थोडे दिवस एवढ्यापुरतेच असते. सहा महिन्यांनंतरचा एमआरआय बहुधा खिशातूनच करावा लागतो. म्हणून आपले ऑपरेशन यादीत बसते का आणि पुढच्या तपासण्यांचे काय, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.

सामने भरवणाऱ्या मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनीही थोडा विचार करावा. बक्षिसाच्या रकमेतला काही भाग जखमी खेळाडूच्या व्यायामोपचारासाठी बाजूला काढता येईल. आणि घरच्यांनी डॉक्टरला एकच प्रश्न विचारावा, ‘साहेब, या फोटोने उपचारात काय फरक पडणार?’ उत्तर पटले तर फोटो काढावा. पटले नाही तर थोडे थांबून, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेऊन मग पैसे मोडावेत.