एकोणीस टक्के आणि वीस टक्के

सुरतच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटांमध्ये दारावर बारा-बारा तास उभे राहणाऱ्यांत खानदेशातले माजी सैनिकही भेटतात. घर लिंबायत, उधना नाहीतर दिंडोलीला. त्यांच्यातल्या एका निवृत्त हवालदारांचा उजवा गुडघा नोकरीतच गेला. जिना उतरताना ते कठडा धरून, अंग आडवं करून, एकेक पायरी उतरतात. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने या गुडघ्याला १५ ते १९ टक्के अपंगत्व दिलं. म्हणजे हाती शून्य.

मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला २० टक्क्यांखाली डिसॅबिलिटी पेन्शन नाही. मात्र २० झाले आणि दुखापत सेवेमुळे झाल्याचं मान्य झालं, की तेच ५० धरले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या राम अवतार निकालाने हा लाभ अशा निवृत्तांनाही मिळाला. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, तेव्हा पन्नासला १५ टक्के. एका टक्क्याने एवढा फरक पडतो! २० च्या खालच्यांना मात्र हा लाभ देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

म्हणून बोर्डाच्या टक्केवारीविरुद्धच्या अपिलात किती वर्षं सेवा केली, किती दुखतं, यावर पानं भरून काही साधत नाही. भांडण मोजमापाशी आहे. रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाच्या कागदांची प्रत मागवा. गुडघा किती अंश वाकतो, मांडी किती बारीक झाली, हे मोजून लिहिलंय का? दुसरा गुडघा, कंबर यांची एकत्रित टक्केवारी काढलीय का? नवा एमआरआय, हाडांच्या डॉक्टरांचा अहवाल आणि दुखापत झाली त्या वेळचा इंज्युरी रिपोर्ट जोडा. पहिलं अपील, दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. गुजरात मुंबई खंडपीठाकडे येतं. तिथे टक्केवारी सहसा न्यायाधीश स्वतः वाढवत नाहीत, नव्या बोर्डाकडे पाठवतात. वैद्यकीय कागद भक्कम हवा तो यासाठीच. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत, त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी ते आधी पाहावेत.)

दुखापत सेवेमुळे नाहीच, असा शेरा असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल जोडा. भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल तर जवान तंदुरुस्त होता असंच धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. बोर्डाने कारणं लिहिलीच पाहिजेत, हेही न्यायालयाने बजावलं आहे.

पण माझं खरं भांडण त्या वीस टक्क्यांच्या रेषेशीच आहे. गुडघा पंधरा टक्के निकामी आहे हे सरकारी डॉक्टरच लिहून देतात आणि सरकार त्याचा एक पैसाही देत नाही, हे मला मान्य नाही. पन्नास धरू नका, पंधराला पंधराचंच द्या. शेवटच्या वेतनाच्या साडेचार टक्केच होतात.