नोंद असेल तरच अंदाज

मधुमेहाच्या रुग्णाला पुढे मूत्रपिंडाचा त्रास होईल की हृदयाचा, हे आधी कळले तर उपचार वेळेत सुरू होतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी यासाठी सुमारे ६२ लाख रुग्णांच्या जवळपास १५ वर्षांच्या रुग्णालयीन नोंदी संगणकावर तपासल्या. एका आजारामागून दुसरा कोणत्या क्रमाने येतो, याच्या १,१७१ साखळ्या त्यांनी २०१४ मध्ये मांडल्या. सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट विकार त्यांतील एक कळीचा दुवा ठरला. हे जमले, कारण तेथे १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला स्वतंत्र ओळख क्रमांक आहे आणि रुग्णालयातील नोंद त्यालाच जोडली जाते.

मात्र, नोंदी एकांगी असतील तर अंदाजही चुकतो. अमेरिकेत एक संगणकप्रणाली उपचारांवरील खर्चावरून रुग्णाची गरज ठरवत होती. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होत असल्याने तितकेच आजारी असूनही ते यादीत मागे पडत, हे २०१९ मध्ये उघड झाले.

भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आहे. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून ‘आभा’ क्रमांक दिले जातात. पण क्रमांक मिळाला म्हणजे नोंदी जोडल्या गेल्या, असे नाही. अनेकांचे रिपोर्ट आजही प्लास्टिकच्या पिशवीतच असतात. पैशांअभावी तपासणी टाळणाऱ्याची तर नोंदच नसते. म्हणून गावच्या उपकेंद्रात साखर आणि रक्तदाब नियमित तपासून नोंदवणे, ही पहिली पायरी. ती चुकली, तर ज्याला धोका सर्वाधिक तोच संगणकाला निरोगी दिसेल.