आधी तालमीला जागा द्या

थंडी पडली की आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातल्या रसिकांची धावपळ सुरू होते. शारंगदेव समारोह, अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, आणि सगळे जुळून आले तर वेरूळ-अजिंठा महोत्सव.

यात मला सर्वांत जवळचा शारंगदेव समारोह. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शारंगदेव हिशेबाचे काम पाहत असे. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. जमाखर्च सांभाळत या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्ये असे करत सातवा अध्याय नृत्याला दिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा त्याला आपला मानतात. एमजीएम या शिक्षणसंस्थेच्या आवारात १९९६ पासून महागामी गुरुकुल पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली कथक आणि ओडिसी शिकवते आणि दर जानेवारीत शारंगदेवाच्या नावाने समारोह भरवते. संध्याकाळी सादरीकरण, सकाळी सप्रयोग व्याख्याने. सकाळची सत्रे चुकवू नका. व्यासपीठावर एखादे बुजुर्ग पखवाजाचा बोल उलगडून दाखवत असतात आणि खाली बसलेल्या मुली वहीत तो उतरवता उतरवता मांडीवर बोटांनी मात्रा मोजत असतात. त्यातल्या बऱ्याच जणी वर्षभर त्याच आवारात रियाज करतात. समारोह टिकला तो या रियाजावर, असे माझे ठाम मत आहे.

वेरूळ-अजिंठा महोत्सवाचे तसे झाले नाही. एकेकाळी कैलास लेण्याच्या साक्षीने रंगणारा हा महोत्सव पुढे सोनेरी महालात आला. २०१६ नंतर खंड पडला, तो थेट २०२३ मध्ये भरून निघाला. मोठे कलावंत आले, गर्दी लोटली, मलाही मनापासून आनंद झाला. पण तीन रात्रींचा मांडव उतरला की शहराच्या हाती काय उरते?

हा प्रश्न नाटकाच्या बाबतीत जास्त जिव्हारी लागतो. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ मध्ये ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणले आणि एकट्याच्या बळावर अख्खे गाव उभे केले. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांची ‘जिगीषा’ याच शहरातली. ही मंडळी मुंबईला गेली, ‘चारचौघी’सारखे नाटक मराठी रंगभूमीला देऊन गेली. त्यांच्या जाण्याबद्दल तक्रार नाही. व्यावसायिक रंगभूमी तिकडेच आहे. मात्र इथे राहून नाटक करू पाहणाऱ्यांना आपण काय देतो?

स्पर्धेच्या आधी एका हौशी संस्थेची तालीम पाहायला गेलो होतो. अपार्टमेंटचे पार्किंग. फरशीवर खडूने रंगमंच आखलेला, दाराच्या जागी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मंडळी नोकऱ्या आटोपून साडेसातपर्यंत जमली. दुसऱ्या अंकातला चढा प्रसंग रंगात आला आणि वरून निरोप आला, आवाज कमी करा, मुलांच्या परीक्षा आहेत. आईचे काम करणाऱ्या मुलीने तो सगळा आक्रोश कुजबुजत्या आवाजात केला. आवाजाची फेक कधी आजमावणार? थेट प्रयोगाच्या दिवशी. कारण रंगीत तालमीसाठी नाट्यगृह घ्यायचे तर भाडे परवडत नाही.

नाट्यगृहांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. संत एकनाथ रंगमंदिर नूतनीकरणासाठी कित्येक वर्षे बंद होते, तेव्हा कलावंतांनी आवाज उठवला आणि ते योग्यच होते. तापडिया नाट्यमंदिर आहे, सिडकोत संत तुकाराम नाट्यगृह आहे. पण ही सगळी प्रयोगाची ठिकाणे. तालमीच्या जागेसाठी अजून कोणी आवाज उठवलेला माझ्या ऐकिवात नाही.

उपाय महागडा नाही. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. त्यांतल्या चार-पाच शाळांचे सभागृह सात ते दहा या वेळेत नाममात्र भाड्याने नाट्यसंस्थांना द्यावे. किल्ली सांभाळायला एक माणूस, दिवे, पंखे, स्वच्छतागृह एवढी सोय पुरे. मुली तालमीला येतात, तेव्हा स्वच्छतागृह ही चैन नव्हे. शिवाय स्पर्धेआधी प्रत्येक संस्थेला महापालिकेच्या रंगमंचावर रंगीत तालमीसाठी एक रात्र मोफत मिळावी. पुढच्या वेरूळ-अजिंठा महोत्सवाचे अंदाजपत्रक होईल, तेव्हा पहिली तरतूद याची करा. बाहेरून येणाऱ्या कलावंतांच्या मानधनाचा आकडा त्यानंतर घाला.