‘शीळ’नंतरचे ना. घ.

गाजलेल्या कलावंताने आपला सूर खाली आणला की त्याचे जुने चाहते रुसतात, हे सर्वच कलांच्या बाबतीत घडत आले आहे. विजेच्या गिटारींच्या दणदणाटासाठी ख्यातनाम असलेल्या ‘लेड झेपेलिन’ या इंग्रज रॉक बँडने १९७० मधील आपल्या तिसऱ्या अल्बममध्ये साध्या, म्हणजे विजेवाचून वाजणाऱ्या, गिटारीला मोठी जागा दिली, तेव्हा अनेक समीक्षकांचा विरस झाला होता. बुलढाणा जिल्ह्यातील काव्यरसिकांपुढे असाच प्रसंग मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांच्या ‘खूणगाठी’ या १९८५ च्या संग्रहाने आणला.

ही निराशा समजून घ्यायची, तर ना. घ. रसिकांपर्यंत कसे पोहोचले हे आधी पाहिले पाहिजे. सेंदुरजन येथे जन्मलेल्या आणि पुढे मेहकरात वकिली केलेल्या या कवीची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकाच्या आरंभी ग. ना. जोशी यांनी गायिली, तिची तबकडी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने काढली आणि भावगीत, म्हणजे एका भावावस्थेभोवती बांधलेली व सुगम चालीत गायिली जाणारी कविता, हा प्रकार घरोघरी रुजण्यास त्या तबकडीचा मोठा हातभार लागला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. खेड्यातील बोलीचा गोडवा, प्रियकराला उद्देशून काढलेले लाडिक उद्गार आणि पुन्हा पुन्हा परतणारे ध्रुपद यांमुळे ‘शीळ’ त्या मापात अशी चपखल बसली की जणू ती गळ्यासाठीच लिहिली गेली असावी. त्याच नावाचा संग्रह मात्र १९५४ मध्ये, म्हणजे सुमारे दोन दशकांनी निघाला. ना. घं.चा चाहता असा आधी श्रोता होता, वाचक तो मागाहून झाला. त्यामुळे त्याने या कवीला कायम कानाचेच माप लावले.

१९६३ च्या ‘अभिसार’ या संग्रहानंतर तब्बल बावीस वर्षांनी, कवीच्या पंचाहत्तरीच्या सुमारास आलेल्या ‘खूणगाठी’ला ते माप पुरत नाही. येथील कविता अंतर्मुख आहे, तिला कोणाला साद घालायची नाही आणि ती चालीची वाटही पाहत नाही. जुन्या रसिकाला येथे रानातला उल्हास सापडत नाही, ही त्याची तक्रार खरी आहे. परंतु त्यावरून कवीची शक्ती ओसरली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते, कारण गायकाच्या आवाजाचा आधार न घेता शब्दाने एकट्याने उभे राहावे, ही अपेक्षा तरुणपणीच्या गीतांहून अधिक कठीण आहे आणि ‘खूणगाठी’ ती पेलते. साहित्य अकादमीचा १९८६ चा पुरस्कार याच शांत पुस्तकाला मिळाला, ही गोष्ट मेहकरकरांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

पुढे १९९६ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षाच्या आसपास, ‘गुंफण’ आणि मेहकरातील एका जुन्या वास्तूचे नाव धारण करणारा ‘कंचनीचा महाल’ हे संग्रह आले. तरीही पैनगंगेकाठच्या या गावात ना. घं.चे नाव निघाले की बोलणे आजही ‘शीळ’वरच येऊन थांबते, ही मोठ्या खेदाची बाब आहे.