गुरुजींची मान आणि ‘व्रता’चे ओझे

“मास्तराला कसले आले कष्ट? खडू उचलायचा आणि खाली ठेवायचा!” असे म्हणणाऱ्यांनी एकदा साठ वह्यांचा गठ्ठा मान खाली घालून तपासून पाहावा. माणसाचे डोके साधारण ४ ते ५ किलो वजनाचे. ते पुढे झुकले की मानेच्या स्नायूंवरचा भार कितीतरी पटीने वाढतो. वह्या तपासताना मान खाली, उंच फळ्यावर लिहिताना मान वर, आणि मोबाईलवर यू-डायसची माहिती भरताना पुन्हा खाली! वर्षानुवर्षे हेच चालले की मान आखडते, खांदे भरून येतात. पण आमचे शिक्षक ‘वय झाले’ म्हणून बाम चोळतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर हजर होतात. हे दुखणे कामातून आलेले असू शकते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते.

असे का व्हावे? कारण आपण कामगार आहोत, असे शिक्षकाला वाटतच नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे, असा निवाडा दिला. अध्यापन हे कारकुनी काम नसून उदात्त कार्य आहे, असा त्याचा मथितार्थ. आज त्याच शिक्षकाच्या माथी कारकुनी मारलेली आहे! व्रताचा गौरव करायचा आणि व्रतस्थाच्या मानेकडे पाहायचेही नाही, हा कुठला न्याय?

उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला बसण्याची सोय द्यावी, असे कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ ने बजावले होते. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी कामगाराच्या शरीराचा विचार राज्यकारभारात आणला. संविधानाचे कलम ४२ तर कामाच्या न्याय्य व मानवी परिस्थितीची तरतूद करण्यास राज्याला सांगते. ते फक्त गिरणीपुरते नाही, शाळेलाही लागू आहे.

तेव्हा शिक्षक बंधू-भगिनींनी आधी स्वतः जागे व्हावे. वह्या उतरत्या फळीवर ठेवून तपासाव्यात. मोबाईल डोळ्यांसमोर धरावा. अर्ध्या तासाने उठून मान-खांदे मोकळे करावेत. हाताला मुंग्या येत असतील किंवा हातातली ताकद कमी वाटत असेल, तर बाम बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

पण एवढ्याने भागणार नाही. योग्य उंचीचे टेबल-खुर्ची आणि फळा ही मागणी संघटनांनी वेतनवाढीच्या मागणीशेजारी लिहावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांखेरीज बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला देण्यास मनाई करते. ते कलम मुख्याध्यापकांच्या टेबलावर लेखी ठेवावे. शिक्षणसेवकाला एकट्याने बोलण्याची भीती वाटते, म्हणून संघटनेने बोलावे.

बहुजनांची पोरे ताठ मानेने जगावीत म्हणून आपण त्यांना शाळेत धाडतो. त्यांना शिकवणाऱ्याची मानही ताठ राहिली पाहिजे!