काच फुटली म्हणून शेगडी टाकायची?

रमजानमध्ये एका सहरीला अम्मींच्या हातून खलबत्त्यातला बत्ता निसटला आणि इंडक्शनच्या काचेवर पडला. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेला. शेगडी मात्र सुरू होत होती. अम्मींनी तड्यावर चिकटपट्टी लावली आणि दुधाचं पातेलं ठेवलं. मी प्लग काढला, तर माझ्यावरच रागावल्या. "चल तो रही है!"

चालते, हीच तर भीती. त्या काचेखाली तांब्याची कॉइल आणि वीज खेळणारं सर्किट असतं. दूध उतू जाऊन तड्यातून आत झिरपलं, तर शॉक बसू शकतो. चिकटपट्टी, एम-सील यांचा इथे काही उपयोग नाही. तडा गेलेली काच बदलायचीच असते.

पण बदलून देणार कोण? सर्व्हिस सेंटरवाल्याने शेगडी उघडलीसुद्धा नाही. "काच सुटी येत नाही मॅडम, नवीन घ्या." आतलं सगळं धडधाकट, वरची एक काच गेली, म्हणून अख्खी शेगडी भंगारात! इसराफ म्हटलं की आपल्याला फक्त लग्नातली उरलेली बिर्याणी आठवते.

शेवटी मोहल्ल्यातल्या मिस्त्रीकडे गेले. माझाच जुना विद्यार्थी. दहावीनंतर आयटीआय केलेला. त्याने भंगारात आलेल्या त्याच मॉडेलची काच शोधली. खालचे स्क्रू काढले, जुना सिलिकॉन खरवडला, काचेचा चुरा ब्रशने झाडला आणि तापमान सोसणाऱ्या सिलिकॉनने नवी काच बसवली. एक दिवस हात लावू नका म्हणाला. कॉइलच्या मधोमध एक छोटा सेन्सर असतो, तो काचेला खालून टेकलाच पाहिजे, नाहीतर भांडं किती तापलं हे शेगडीला नीट कळत नाही, हेही त्याने दाखवलं. "दो शेगड्या बिगाड के सीखा, टीचर."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आमची मुलं शिकत नाहीत, असं ऐकत माझी नोकरी चालली आहे. हा मुलगा शिकला, पण दुसऱ्यांच्या शेगड्या बिघडवून. कारण कंपनी ना सुटी काच विकते, ना दुरुस्तीची माहितीपुस्तिका देते. त्याने आपली वही केली आहे, कोणत्या मॉडेलला किती मापाची काच लागते याची, उर्दूत. शुद्धलेखन दहावीत होतं तसंच आहे.

केंद्र सरकारने जुलै 2022मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, मग पोर्टलही काढलं. चांगलं झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. जी कंपनी काचेची वस्तू विकते, तिने तिची काचही विकली पाहिजे, माझ्या विद्यार्थ्यालासुद्धा, आणि छापील किमतीत. तोवर आपणच दुकानात पैसे मोजण्याआधी विचारूया, "याची काच सुटी मिळते का?" मी परवा एका दुकानात विचारलं. दुकानदार हसला, मग आतून मालकाला विचारून आला. मिळत नाही म्हणाला. मी मिक्सर घ्यायला गेले होते, तोही न घेता परतले.