दार उघडले, पायऱ्या राहिल्या

माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताईनगर, कोथळी आणि चांगदेवच्या वाटा दिंड्यांनी भरून जातात. खानदेशातून, विदर्भातून, बऱ्हाणपूरकडून माणसे येतात. त्यांत गुडघे गेलेली आजी असते, तान्हे मूल कडेवर घेतलेली सून असते, पोलिओने पाय लुळा झालेला तरुण असतो. आणि आपल्या तीर्थक्षेत्रांत या सगळ्यांसाठी रांग एकच.

दुसरी रांग असते, पण ती मोटारीतून उतरणाऱ्या पुढाऱ्याची आणि देणगीदाराची. माणसांच्या गरजा वेगवेगळ्या असतात हे आपल्याला ठाऊक नाही, असे म्हणायची सोयच नाही. वजनदार माणूस गर्दीतूनही ओळखू येतो. लंगडणारा समोर उभा असला तरी दिसत नाही.

वाटेवर चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटायला आपल्यात चढाओढ असते. पण पहाटे चालायला लागलेली बाई दुपारपर्यंत घोटभर पाणी पीत नाही, कारण वाटेत लघवीला जायला आडोसा नसतो. आपण पेला पुढे करतो, ती नको म्हणते, आणि का नको हे विचारायला कोणी थांबत नाही. संगमरवरी फरशीवर नाव कोरून मिळणार असेल तर पैसा निघतो. बायकांच्या स्वच्छतागृहासाठी वर्गणी मागितली की हात आखडतो. हे दान घेणाऱ्याकडे पाहून केलेलेच नसते.

एदलाबादचे नाव बदलून आपण मुक्ताईचे दिले. चांगदेवाच्या कोऱ्या पत्रावरून त्याच्या मनातली उणीव ओळखणारी ती. ताटी लावून बसलेल्या भावाला काय हवे हे जाणून त्याला बाहेर आणणारी ती. तिच्या गावी तरी माणूस पाहून सेवा ठरायला हवी होती.

एकेकाळी अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे दार दलितांना उघडले. जातीने अडवलेल्या माणसासाठी खानदेशाचा शिक्षक प्राण पणाला लावायला निघाला होता. आज पायरीने अडवलेल्यासाठी आपण एक उतरण बांधत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग नोंदले गेले. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती त्यांना वापरता येतील अशा करायला सांगितले, आणि त्यात धार्मिक व करमणुकीच्या जागाही स्पष्टपणे घेतल्या. कायद्याचे नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. ती २०२२ मध्येच संपली.

तेव्हा दिंडी मंडळांनो, विश्वस्तांनो, येत्या यात्रेत एक पंगत कमी करा. त्या पैशात पाणी असलेली, कडी लागणारी स्वच्छतागृहे उभी करा, पायऱ्यांशेजारी कठड्याची उतरण करा, म्हाताऱ्यांना रांगेत बसायला बाके ठेवा. आणि त्याआधी एखाद्या आजीला विचारा, तिला काय हवे आहे.